लग्नपत्रिकेच्या पाठीवरची वीस घरं : शाळेत वाचनाची बक्षीस योजना कशी चालवावी

पहिल्या वर्षी मी बक्षीस ठेवलं ते सगळ्यात जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला. स्टीलची, थंड पाणी थंड ठेवणारी चांगली बाटली. आमच्या उन्हात ही लहान गोष्ट नाही. खान्देशातल्या तालुक्याच्या गावातली शाळा, पाचवी ते दहावी, आणि ग्रंथालय माझ्याकडं मराठीच्या तासांना जोडून आलेलं. दिवाळीपर्यंत सातवीतल्या एका पोराच्या नावावर एकेचाळीस पुस्तकं चढली. मी खूश. एका दुपारी सहज विचारलं, यातलं आवडलं कुठलं? तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. नोंदवही काढली तर सोळा पानांवरचं एकही पुस्तक त्यानं नेलेलं नव्हतं, आणि ‘सारांश’ म्हणून दिलेलं सगळं मलपृष्ठावरून उतरवलेलं. यात त्याचा दोष काय? मी आकडा मागितला, त्यानं आकडा दिला.

त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. आठवीतली एक मुलगी जाड कादंबरी मन लावून वाचत होती. ती तिनं अर्ध्यात परत केली. म्हणाली, “एवढ्यात बारीक चार होतात, सर.” बाटली द्यायची ती दिली. त्यानंतर तो मुलगा ग्रंथालयाकडं फिरकला नाही.

असं का होतं, हे मला पुढं कळलं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुळात चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली आणि रंगीत स्केचपेनं दिली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा आधी कबूल केलेल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. बक्षीस घेऊन मूल पुन्हा कपाटाशी यायला हवं. खाली दिलेली पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. ती चार वर्षांत हळूहळू बसत गेली, आणि तिच्यात अजूनही खाचखळगे आहेत.

आधी कपाटाची किल्ली

योजना जाहीर करण्याआधी एक महिना कपाटाला द्या. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत पुस्तकं आहेत, पण कुलपात. कारण सगळ्यांना माहीत आहे: पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार? जिच्या नावावर चार्ज, तिच्या पोटात गोळा. ही भीती आधी कागदावर सोडवून घ्या. मुख्याध्यापकांशी बोला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या, की वर्षाला शंभरातली पाच पुस्तकं फाटणं-हरवणं गृहीत धरलं आहे आणि त्यांचं रीतसर निर्लेखन होईल, म्हणजे ती नोंदवहीतून कमी होतील. हा ठराव नसेल तर तुम्ही पुस्तक देताना हात आखडता घेणार, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

मग सगळी पुस्तकं सतरंजीवर ओता आणि तीन ढीग करा: देण्याजोगी, डिंक-सुई मागणारी, बाद. तिसरा ढीग मोठा निघाला तर घाबरू नका. जुनी गाइडं, बदललेली पाठ्यपुस्तकं, मुंगीएवढ्या अक्षरांतली चरित्रं कपाट भरतात, पण त्यांच्यामुळं मुलाचा हात चांगल्या पुस्तकापर्यंत पोचत नाही. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणाऱ्या रंगनाथन यांचं १९३१ सालचं एक सूत्र आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आमच्याकडं साडेसहाशे पुस्तकांतून तीनशेच उरली, पण तीनशे बाहेर आली. कपाटांच्या दारांना सुतळी बांधली, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि मुखपृष्ठं दिसतील अशी पुस्तकं टांगली. नुसता कणा बघून पुस्तक उचलणं हे मुरलेल्या वाचकाचं काम आहे. पाचवीतल्या पोराला चित्र दिसलं पाहिजे.

पैसे नसतील तरी नवी भर घालता येते. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त पडतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी उतरवून, छापून, शिवून त्यांची पुस्तिका करायला हरकत नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असेल तर तिथून महिन्याला गठ्ठा बदलून आणायची बोलणी करा. ती मंडळी बहुतेक हो म्हणतात, त्यांनाही वाचक हवेच असतात.

वेळ शाळेनं द्यायचा

“घरी वाचा” असं सांगून सुटका नाही. घरी गेल्यावर मुली पाणी भरतात, धाकट्यांना सांभाळतात, आणि कपाशी फुटली की वेचणीला जातात. त्यांच्या वाट्याला निवांत वेळ येतो तो शाळेतच. पोषण आहारानंतरची वीस मिनिटं, आठवड्यातून निदान तीन दिवस, वेळापत्रकात छापून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्या चाचणीला उडतं. त्या वीस मिनिटांत शिक्षकांनीही वाचायचं. वह्या तपासायच्या नाहीत, मोबाइल बघायचा नाही. मोठ्यांना हे जड जातं. मलाही गेलं.

कार्ड

आता मुख्य सामान. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. पुठ्ठा जाड, पाठ कोरी, आणि खान्देशात त्यांचा तुटवडा कधी पडत नाही. कापून मागच्या बाजूला वीस घरं आखा. दुसऱ्या बाजूचा गणपती तसाच राहू द्या, मुलांना आवडतो.

एक घर म्हणजे एक बैठक, वीसेक मिनिटांची. पुस्तक संपलं की नाही, पानं किती, हे विचारायचं नाही. त्यामुळं जाड कादंबरीवाली मुलगी आणि चित्रांच्या पुस्तकावरचा पाचवीतला मुलगा एकाच पातळीवर येतात. पुस्तक आवडलं नाही तर मध्येच टाकून द्यायची मुभा पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगा. मोठी माणसं असं करतातच, मुलांनाच आपण शेवटच्या पानापर्यंत ओढत नेतो.

घर मुलानं स्वतः रंगवायचं. सारांश नाही, प्रश्नावली नाही, परीक्षा नाही. खोटं रंगवतील का? काही रंगवतील. पण पुढं दिसेल की खोटं रंगवून वैयक्तिक असं फार काही हाती लागत नाही, आणि जिथं लबाडीचा भाव मिळत नाही तिथं ती आपोआप कमी होते. मी फक्त येता-जाता विचारतो, “कुठलं पान परत वाचावंसं वाटलं?” उत्तर आलं तर गप्पा होतात, नाही आलं तर नाही.

घरी कुणाला तरी वाचून दाखवलं तर त्या बैठकीची दोन घरं. सही ऐकणाऱ्याची. सही येत नसेल तर अंगठा. आमच्या एका मुलीनं पहिल्याच आठवड्यात कार्ड आणलं त्यावर शाईऐवजी कुंकवाचं बोट उठलेलं होतं. आजीनं देवापुढून उठताना टेकवलेलं. तेव्हापासून तीही सही आम्ही धरतो. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसानं उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. घरातली निरक्षर आजी गोष्टीची कच्ची श्रोती असते असं समजणाऱ्यानं एकदा तिच्यापुढं बसून वाचून बघावं. ती मध्येच थांबवून असे प्रश्न विचारते की आमचा तास फिका पडावा.

सरकीची बरणी

आता बक्षीस. मी ते दोन वाटांनी देतो, एक सगळ्यांचं मिळून आणि एक ज्याचं त्याचं.

सगळ्यांच्या बक्षिसासाठी ग्रंथालयाच्या टेबलावर काचेची बरणी ठेवली. घर रंगवलं की सरकीचा, म्हणजे कपाशीच्या बीचा, एक दाणा बरणीत टाकायचा. दाण्यावर नाव नसतं, कुणाचे किती हे कुणालाच कळत नाही. पाटीवर नावांपुढं चांदण्या लावण्याचा प्रकार मी बंद केला तो याचसाठी. तिथं पहिली पाच नावं पहिल्या आठवड्यात ठरतात आणि बाकीचे त्याच दिवशी सोडून देतात.

सरकी जिनिंगवरून, म्हणजे कापसातून ती वेगळी काढतात तिथून, आणा. पेरणीचं पाकिटातलं बियाणं अजिबात वापरू नका, त्याला कीटकनाशक चोळलेलं असतं. बरणीचा हिशेब असा: आमची सव्वाशे मुलं, आठवड्याला सरासरी तीन घरं, सुट्ट्या वजा जाता पंधरा आठवडे. साडेपाच हजारांच्या आसपास दाणे. एवढे दाणे दोन लिटरच्या बरणीत मावतात. पहिल्या आठवड्यात शंभर दाणे मोजून किती उंची होते ते पाहा आणि त्या बेतानं बरणीला बाहेरून लाल दोरा बांधा. दोरा डिसेंबरच्या मध्याला गाठला जावा. फार लवकर भरली तर गंमत जाते, भरलीच नाही तर मुलं तुमच्यावरचा विश्वास गमावतात. दुसरं जास्त वाईट, म्हणून दोरा थोडा खालीच बांधलेला बरा.

झाकण लावायला विसरू नका. एका शनिवारी उघडं राहिलं, सोमवारी बरणी बोटभर उतरलेली आणि टेबलावर उंदरांच्या लेंड्या. मुलांनी रीतसर सभा घेतली आणि “उंदरांनी खाल्लेलं वाचन” धरायचं की नाही यावर अर्धा तास भांडली. धरायचं ठरलं.

बरणी दोऱ्याला लागली की भरीत. अमेरिकेत एक पिझ्झा कंपनी १९८४ पासून वाचणाऱ्या मुलाला त्याच्या एकट्याचा छोटा पिझ्झा देत आली आहे. आपल्याकडं हिवाळ्यात त्याहून सरस गोष्ट आहे आणि ती एकट्यानं खाताच येत नाही. माणशी दोनशे ग्रॅम धरून पंचवीस किलो हिरवी भरताची वांगी, जमलं तर बामणोदकडची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मुलांना सांगायला विसरू नका, त्यांची छाती फुगते. एका पालकाचं शेत, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, घरोघरून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. जाळापाशी मोठी माणसं आणि दहावीची पोरं, बाकीच्यांना दहा पावलं लांब बसवा.

आता यातली मेख. वांगी भाजून, सोलून, ठेचून होईपर्यंत दीड तास जातो. त्या दीड तासात प्रत्येकानं एक पुस्तक आणलेलं असतं. कुणी झाडाखाली, कुणी बैलगाडीवर, कुणी गोल करून एकाला मोठ्यानं वाचायला लावलेलं. धुरानं डोळे चुरचुरतायत, हाताला काजळी, पानांवर काळे ठसे. त्या दिवशी काळी झालेली पुस्तकं आम्ही पुसत नाही. पुढच्या वर्षी तीच आधी उचलली जातात.

ज्याचं त्याचं बक्षीस

कार्डाची वीस घरं भरली की मुलाला काहीतरी मिळतं, पण काय ते आधी सांगत नाही. चिठ्ठ्यांचा डबा ठेवला आहे, त्यातून उचलायची. चिठ्ठ्यांवर असतं ते सगळं ग्रंथालयातलंच: एक दिवस देवघेवीच्या टेबलावर बसून तारखेचा शिक्का मारणं, नव्या गठ्ठ्याची सुतळी सोडून पहिलं पुस्तक उचलणं, दिवाळीच्या सुट्टीत एकाऐवजी चार पुस्तकं नेणं, पुढच्या खरेदीतलं एक पुस्तक निवडणं, आणि त्याच्या पहिल्या पानावर ‘निवड अमक्याची’ अशी चिठ्ठी डकवणं. शिक्क्याची चिठ्ठी सगळ्यांना हवी असते. त्या एका दिवसासाठी आठवीतली मुलं इस्त्रीचा शर्ट घालून आलेली मी पाहिली आहेत.

पैसे, कंपासपेटी, बाटल्या नकोत. गुण तर मुळीच नकोत, कारण गुण आले की आईबाप येतात. ‘गृहपाठ माफ’ हेही मी काढून टाकलं. त्यातून अभ्यास ही शिक्षा असल्याचं आपणच कबूल करतो.

बोली

आमच्याकडं घरात अहिराणी, कुठं लेवा बोली, सातपुड्याच्या अंगाला पावरी आणि भिली. पुस्तकातली मराठी ही बऱ्याच मुलांची दुसरी भाषा आहे आणि वाचनाचा कंटाळा म्हणून आपण नोंदवतो तो पुष्कळदा भाषेचा थकवा असतो. म्हणून वाचलेली गोष्ट आपल्या बोलीत वर्गाला सांगितली तर तेही एक घर. पाचवीतला एक मुलगा सहा महिने तोंड उघडत नव्हता. त्यानं कोल्ह्याची गोष्ट अहिराणीत सांगितली आणि पोरं हसून लोळली. दुसऱ्या दिवशी तो टेबलाशी उभा: “सर, आखो शे का?” आणखी आहे का.

यातून एक मोठं बक्षीस सापडलं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढत. रोज, स्वतःच्या अक्षरात. मुलं ते वाचत, कारण ते त्यांच्यासाठीच लिहिलेलं असे. आम्हाला रोज जमणारं नाही, पण वर्षातून एकदा मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून काढतो, बोलीतल्या बोलीत, शिवतो, पुठ्ठा लावतो. आणि मग ते पुस्तक ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढतं. दाखल क्रमांक, लेखकाच्या रकान्यात मुलाचं नाव, किंमत: अमूल्य. आमच्या ऑडिटवाल्यांनी त्या शब्दाला गोल केला होता. मी खाली ‘०’ लिहून दिलं आणि वरचा शब्द तसाच ठेवला.

कधी सुरू करायचं

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, सुरू करू नका. त्या दिवशी फोटो निघतात, पुढं सत्र परीक्षा, दिवाळी, वेचणी. तीन आठवड्यांत सगळं थंड. जून प्रवेश आणि पाठ्यपुस्तकांत जातो, जुलै कपाटाला द्या, आणि १२ ऑगस्टला कार्डं वाटा. तो रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. पावसाची झड असते, पोरं बाहेर खेळू शकत नाहीत, याचा फायदा घ्या.

कार्डाला मुदत ठेवू नका. वेचणीच्या दिवसांत मूल पंधरा दिवस आलं नाही तर त्याचं कार्ड तिथंच थांबेल, मागं पडणार नाही. नंदुरबारकडच्या शिक्षकांसाठी हे आणखी महत्त्वाचं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला कापडी पिशवीत चार पातळ पुस्तकं आणि एक कोरं कार्ड देऊन पाठवा. परत आली नाहीत तर निर्लेखनाचा ठराव आहेच.

अडतं कुठं

नववी-दहावीला घरं रंगवणं बाळबोध वाटतं. त्यांना कार्ड देऊ नका, पाचवीतलं एक मूल द्या, आठवड्यातून एकदा वाचून दाखवायला. ज्या पोरानं स्वतःसाठी कधी पुस्तक उचललं नाही, तो धाकट्यासाठी आदल्या दिवशी घरी सराव करून येतो, आणि शब्द अडला तर चारचौघांत विचारायची लाज वाटत नाही, कारण “त्याच्यासाठी” विचारतोय.

ज्यांना अजून नीट वाचताच येत नाही त्यांना चित्रांची पुस्तकं आणि ऐकणं. ऐकण्याचंही घर रंगतं. यावरून स्टाफरूममध्ये वाद होईल, होऊ द्या.

पालक म्हणतील, अभ्यास सोडून गोष्टी कसाले? त्यांना भाषण देऊ नका. भरिताला बोलवा आणि त्यांच्याच मुलाला वाचायला लावा.

कार्ड काढून घेतल्यावर

१ फेब्रुवारीला कार्डं बंद. बरणी रिकामी, चिठ्ठ्यांचा डबा कपाटात. योजना चालली की नाही हे त्यानंतरच्या देवघेव नोंदवहीत कळतं. नोव्हेंबरातले आणि फेब्रुवारीतले आठवडे शेजारी मांडा. बाटलीच्या वर्षी बक्षीस दिल्यानंतर नोंदवहीची पानं कोरी होती. मागच्या वर्षी नोव्हेंबरात आठवड्याला साठेक पुस्तकं फिरत होती, फेब्रुवारीत शिष्यवृत्ती आणि दहावीची धामधूम असूनही पंचेचाळीसच्या खाली गेली नाहीत. जी मुलं पूर्ण थांबली त्यांची नावं मी वेगळी लिहितो. बहुतेक वेळा त्यांना हवं ते पुस्तक आमच्याकडं नसतं. ट्रॅक्टरचं, गाईम्हशींचं, क्रिकेटचं. पुढच्या खरेदीची यादी तिथूनच होते.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि अकरानंतर पत्र्याखाली बसवत नाही. तेव्हा ग्रंथालय साडेसातला उघडतं. सुट्टी लागताना प्रत्येकाला तीन पुस्तकं द्या आणि एक काम सांगा: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आणि मेच्या तिथींच्या लग्नांना जाल, तिथल्या पत्रिका टाकून देऊ नका. जूनमध्ये पहिल्या दिवशी दप्तरातून पत्रिकांचे गठ्ठे निघतात. एकेका पत्रिकेची दोन कार्डं होतात, घडीवर कापली की.